करवती माशीचं बारसं

१९ ऑगस्ट १९८६, मंगळवार. नारळी पौर्णिमा

इयत्ता तिसरी. मधली सुट्टी. शाळेच्या मागची विहीर. कमळच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुके बोंबील, माझ्या डब्यात गूळपोळी — आणि रोजच्यासारखे डबे बदललेले. सिस्टर बेनेडिक्टांना बोंबलाचा वास आला की त्या कमळला ओरडायच्या, आणि वास यायचा माझ्या तोंडाला! विहिरीच्या काठावर नेचे होते, नेच्यांवर हिरव्या अळ्या. कमळने फ्रॉकला हात पुसले आणि जोरात टाळी वाजवली. सगळ्या अळ्यांनी एकदम शेपट्या वर केल्या! सिस्टर वर्गात आल्या की आम्ही उभ्या राहायचो ना, अगदी तशा. "गुड मॉर्निंग, सिस्टर!" कमळ अळ्यांच्या वतीने म्हणाली. हसता हसता माझ्या नाकात भाकरी गेली.

बस, एवढंच. पन्नास वर्षांत यातलं काही मोठं वाटलं नव्हतं.

आज सणाला गोराईला कमळकडे गेले होते. समुद्राला नारळ देऊन झाला, नारळीभात झाला. मी हात धुवायला परसातल्या विहिरीवर गेले. कठड्याच्या आत नेच्यांची दाटी. पानं कुरतडलेली. मी वाकून पाहिलं आणि — का कोण जाणे — टाळी वाजवली.

शेपट्या वर!!

मी अशी किंचाळले की कमळ पळी घेऊन धावत आली. "पडलीस का गो?"

"गुड मॉर्निंग, सिस्टर!" मी म्हटलं. तिने विहिरीत पाहिलं. पळी खाली ठेवली आणि स्वतः टाळी वाजवली. मग आम्ही दोघी, साठीला टेकलेल्या बाया, एक मुलांना शिकवून रिटायर झालेली, एक मासळी विकून, विहिरीच्या काठावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

नारळीभाताचा डबा रिकामा करून त्यात अळ्या आणल्या. परतीच्या होडीत शेजारच्या बाईने विचारलं, "डब्यात काय, भात?" मी म्हटलं, "पाहुणे."

२० ऑगस्ट

भिंगाखाली पाहिल्या. पोटाखाली पायांच्या जोड्या फुलपाखराच्या अळीला असतात त्याहून जास्त! म्हणजे ही फुलपाखराची अळीच नव्हे. करवती माशी! नावाला माशी, नातं गांधीलमाशीशी. मादीच्या पोटाच्या टोकाला बारीक करवत असते, तिने पान चिरून ती आत अंडी घालते.

तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आणि हे प्राणी तिसरीत असताना माझ्या नाकासमोर होते! शाळेतली ती विहीर केव्हाच बुजली. आता तिथे सायकल स्टँड आहे.

वसुधाला लिहिलं. माझी विद्यार्थिनी, आता कीटकांची मोठी तज्ज्ञ. बाकांवर भुंगे सोडायची, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

२४ ऑगस्ट, रविवार

वसुधा पत्र वाचून थेट माझ्याकडे बोरिवलीला आली. अजूनही मला "मिस" म्हणते, आणि चहाची कपबशी अजूनही वहीवरच ठेवते. अळ्या पाहून गप्प झाली. ही बोलकी मुलगी गप्प झाली म्हणजे काहीतरी आहे.

"मिस, माश्या बाहेर पडल्या की नर-मादी दोन्ही हवेत मला. घाई करू नका, आणि जीव गुंतवू नका."

दुसरी सूचना उशिरा आली. अर्ध्या अळ्या बरण्यांतल्या मातीत शिरल्यात, आणि मी रोज मातीला शुभ रात्री म्हणते.

११ सप्टेंबर

आधी नर आले. काळे, पिवळ्या पायांचे, तांदळाच्या दाण्याएवढे. शिस्तीत मारले, टाचणीला लावले, पेटीत ठेवले, डांबरगोळी टाकली. वसुधाने शिकवल्याप्रमाणे सगळं.

आज मादी आली! एकच. बाकी बरण्या रिकाम्या.

तिलाही लगेच मारायचं, असं ठरलं होतं. मारायच्या औषधाची बाटली उघडली. ती बरणीच्या काचेवर बसून मिशा पुसत होती, आधी उजवी, मग डावी. शाळेत निघालेली मुलगी वेण्या नीट करते तशी. नाही झालं माझ्याच्याने! म्हटलं, एक दिवस. एकदा तिची करवत चालताना पाहू, मग उद्या.

नेच्याच्या कुंडीवर मच्छरदाणी घालून आत सोडली. आणि पाहिलं! पोट वाकवलं, पानाची शीर चिरली, अंडं आत, पुढे सरकली, परत चिरलं. माझी आजी विळीवर भाजी चिरायची तशी, न बघता. मी गॅसवरची आमटी विसरले. आमटी करपली. झकास दिवस!

१२ सप्टेंबर

पालीने खाल्ली.

मच्छरदाणीला भोक होतं. मी समोर उभी होते.

१४ सप्टेंबर

वसुधा फोनवर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. (फोन समोरच्या प्रेमाकडे आहे. प्रेमा बटाटे सोलत सगळं ऐकते.) मी पाठवलेले नर वसुधाने पाहिलेत. पंखांच्या शिरांची जाळी कुठल्याच माहीत असलेल्या प्रजातीशी जुळत नाही. नुसती नवी जाती नव्हे, अख्खी नवी प्रजाती! एका नव्या माणसाचा नव्हे, नव्या घराण्याचा शोध!

"पण मिस, मादीची करवत पाहिल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही. करवतीचे दात म्हणजे त्यांचं आडनाव. नुसत्या नरांवर प्रजाती उभी केली तर जगभरचे लोक हसतील मला."

पण अंडी आहेत! पानात फुगलेत दाणे! त्यांतून अळ्या, अळ्यांतून माश्या, त्यांत मुली असणारच. मी वसुधाला म्हटलं, मला फक्त एक मुलगी हवी.

प्रेमाच्या हातातला बटाटा खाली पडला.

२८ सप्टेंबर, रविवार

गोराई. आणखी अळ्या आणायला गेले, आणि वेगळंच ऐकून आले.

कमळची वाडी विकायचं चाललंय. कमळचा धाकटा भाऊ लहू — आता त्याचेही केस पिकलेत — गिऱ्हाईक घेऊन आलाय. शनिवार-रविवारचे बंगले होणार. विहीर आधी बुजवणार, तिच्या जागी गाड्या उभ्या राहायच्या आहेत म्हणे. दिवाळीनंतर सह्या.

मी लहूवर चिडणार होते. पण तो ओट्यावर बसून म्हणाला, "रत्नाबाय, तुम्हीच सांगा. भावजी गेले. दोन्ही पोरं वसईला. गेल्या महिन्यात ही मोरीत घसरली. सकाळपर्यंत कोणाला पत्ता नाय. माझ्याकडे चल म्हटलं तर येत नाय. एकटीला कसं ठेवू इथं?"

मला माहीतच नव्हतं ती पडली ते.

"तू कशाला सांगशील?" मी कमळला म्हटलं.

"सांगून काय, तू मला पाठंगुळी घेणार होतीस?" आणि हसली. मग विहिरीकडे तोंड करून म्हणाली, "दिवसाचं ठीक हाय गो. तिन्हीसांजेला घर खायला उठतं."

बोरिवलीचं माझं घरही त्याच वेळेला उठतं.

विहिरीत अळ्या होत्या, पण खोल, हात न पोहोचणाऱ्या नेच्यांवर. काठावरच्या नेमक्या मीच नेल्या होत्या. टाळी मात्र वाजवली. तळातून प्रतिध्वनी आला, आणि शेपट्या वर. निघताना कमळशी नारळाच्या चौथ्या फोडीसाठी भांडले. बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

जयवंतचं नाशिकहून पत्र. "आई, दिवाळीनंतर इकडेच राहायला ये. तिथे एकटी काय करतेस?" काय करते म्हणजे? घरात साठ-सत्तर लेकरं आहेत! सगळी मातीत शिरली. बरण्यांना आता वर्गांची नावं दिलीत. तिसरी अ जरा दांडगट आहे.

लेक चांगला आहे, सूनही. पण नाशिकात मला रत्ने म्हणणारं कोणी नाही.

१८ ऑक्टोबर

बाहेर पडल्या. मुलगा. मुलगा. मुलगा.

१९ ऑक्टोबर

मुलगा. मुलगा. तिसरी अ — सगळे मुलगे!

२० ऑक्टोबर

सगळेच्या सगळे मुलगे! अख्ख्या घरात एक मुलगी नाही! मी प्रेमाच्या फोनवर रडकुंडीला आले, आणि वसुधा — हसली! इतकी हसली की तिला खोकला लागला.

"मिस, अहो, तुम्ही सगळ्या नरांना टाचण्या लावल्यावर ती मादी जन्मली ना? तिची नराशी गाठच पडली नाही. मग मुलगेच होणार! मधमाशीचं तुम्हीच शिकवलंत आम्हाला, दहावी ब!"

दहावी ब. फळ्यावर चित्र काढून. रंगीत खडूने. नराशिवाय घातलेल्या अंड्यातून नरच. मीच! आणि घरात सगळ्या नरांचा निकाल लावून, एका कुमारिकेची अंडी सांभाळून, मुलीची वाट पाहत बसले!

फोन ठेवला तर प्रेमा म्हणाली, "रत्नाताई, इतके मुलगे झाले आणि रडता कसल्या? लोक नवस करतात हो!"

तिला समजावायला गेले आणि मलाच हसू फुटलं. कुमारी आई आणि मुलगा. सिस्टर बेनेडिक्टा रोज प्रार्थनेला हेच सांगायच्या. मी नीट ऐकलं नव्हतं, एवढंच.

२२ ऑक्टोबर

लगेच गोराईला गेले. यावेळी दोरीला बांधून खाली उतरायची तयारी होती, कमळने शिव्या घातल्या असत्या तरी.

विहिरीत एक नेचा नाही. मोजणीची माणसं आली होती. आतून खरवडून साफ केलीय. भिंती नागड्या, दगडांवर कोयत्याचे ओरखडे. पालापाचोळा परसात जाळलेला. राखेत मी बोटं घातली. कशासाठी, माहीत नाही.

कमळ बाजारात गेली होती. थांबले नाही. पुढच्या होडीने परत.

शाळेची विहीर गेली, ही गेली. टाळी वाजवायला आता जागाच नाही.

१ नोव्हेंबर. दिवाळी

चकल्या मऊ झाल्या. जयवंतला लिहिलं, डिसेंबरात येते.

४ नोव्हेंबर

देवा! देवा! देवा!

सकाळी प्रेमाने दार बडवलं. "फोन! गोराईहून! बाई ओरडतेय नुसती!"

कमळ गोराईच्या दुकानातून बोलत होती. तिला अजून वाटतं, खाडीपलीकडे बोलायचं म्हणजे होडीवरून हाक मारायची.

"रत्ने! पोरी झाल्या गो! तीन! तीन पोरी!"

"कुठे? कशा?"

"बादलीत!"

झालं असं. त्या नारळी पौर्णिमेनंतर हिने फुटक्या बादलीत माती घालून विहिरीतला एक नेचा अळ्यांसकट लावला होता. मोरीच्या खिडकीत. मला सांगितलं नाही, कारण मी डब्यात घालून नेला असता! रोज सकाळी चहा घेताना हिची एक टाळी, तिकडे शेपट्या वर, मग दिवस सुरू. "घरात कोणीतरी उठून उभं राहतं गो," म्हणाली. एवढंच कारण. शास्त्र नाही, काही नाही.

तिच्या बादलीत नर होते, माद्या होत्या. कोणी कोणाला टाचण्या लावल्या नव्हत्या. सगळं घरच्यासारखं चाललेलं! पिढीवर पिढी! आणि आता पोटाला करवत असलेल्या तीन मुली जाळीवर बसल्यात, फडक्याखाली. करवतीवरून पोर ओळखायची, हे मीच तिला सांगून ठेवलं होतं.

"कोयत्यावाले आले तेव्हा बादली होती?"

"होती की. तू थांबली असतीस तर सांगितलं असतं. तू राखेत हात घालून पळून गेलीस, शेजारीण म्हणाली."

मी फोनवरच नाचले. प्रेमा बिचारी काळजीने म्हणाली, "तीन? एकदम? तिळ्या? असू दे हो ताई, पुढच्या वेळी होईल मुलगा."

मी खाली जाऊन बर्फी आणली. मुलगी झाल्यावर वाटायची ती. सगळ्या मजल्यांवर वाटली. कोणाला काय झालं, असं विचारलं त्यांना सांगितलं — करवती! दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, नाव जरा कडक आहे.

मी बहिणींत तिसरी. माझ्या वेळी घरात गोड झालं नव्हतं. आज तेही घेतलं भरून, दोन तुकडे जास्त खाऊन!

९ नोव्हेंबर, रविवार

वसुधा, कमळ, मी — तिघी गोराईला, कमळच्या ओट्यावर. वसुधाने सूक्ष्मदर्शक कापडात गुंडाळून मांडीवर धरून आणला, होडीत कोणाला हात लावू दिला नाही. मारायचं काम मी केलं. यावेळी केलं. दोघी पेटीत, एक बादलीत ठेवली, नरांसोबत.

करवत काचेखाली. वसुधा पाहत राहिली. मग मला जागा दिली. असे दात! एक मोठा, दोन लहान, एक मोठा, दोन लहान. कमळने डोळा लावला आणि म्हणाली, "ही तर माजी बोंबील कापायची सुरी, धार गेलेली."

"मिस," वसुधा म्हणाली, "हे दात जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. प्रजाती नवी. पक्की."

मग नावाचा प्रश्न! मला कमळचं नाव द्यायचं होतं. कमळ म्हणाली, "किड्याला? वाट लागली! बाजारात काय सांगू?" पण केसांवरून हात फिरवला, तेवढ्यात मी पाहिलं. वसुधाने जाडजूड यादी काढली. प्राण्यांत एकदा वापरलेलं प्रजातीचं नाव दुसऱ्याला देता येत नाही. आणि कमळचं नाव कोणा भुंग्याने आधीच पटकावलेलं!

"कोन तो भुंगा?" कमळ अशी तापली की जणू त्याने तिची बाजारातली जागा बळकावलीय.

वसुधाने चष्मा पुसला. "एक सुचतं. कमलरत्ना. कोणी घेतलेलं नाही. आणि जाती गोराईची, म्हणून गोराइएन्सिस. पण मिस, एक अडचण. मी तुमचं नाव लेखिका म्हणून माझ्याबरोबर टाकणार होते. स्वतः लिहून स्वतःचं नाव प्राण्याला द्यायचं, हे आमच्यात शोभत नाही. म्हणजे एक तर तुम्ही नाव ठेवणाऱ्या, नाहीतर नावातल्या. ठरवा."

जगभरच्या पुस्तकांत, माशीच्या नावापुढे नाव ठेवणारीचं म्हणून माझं आडनाव! कायमचं! माझ्या नवऱ्याचं, वडिलांचं कोणाचंच कुठे छापलेलं नाही. एक क्षण — खरं लिहिते, एकाहून जास्त क्षण — हवं होतं मला ते.

कमळ नारळ खवत होती. बघत नव्हती. खवणी मात्र थांबली होती.

"नावातली," मी म्हटलं.

खवणी सुरू झाली.

मग बारसंच केलं! बादलीपुढे रांगोळीची एक ओढ. आत्या कोण? कमळ. ती बादलीवर वाकली, कानाशी बोलावं तसं कुजबुजली, "कुर्र, कमलरत्ना!" आणि रिवाजाप्रमाणे मी आणि वसुधाने तिच्या पाठीत धपाटे घातले. वसुधाचे शास्त्रीय, माझे तिसरी इयत्तेपासून साठलेले. आतल्या नव्या अळ्यांनी शेपट्या वर केल्या. तीर्थप्रसादाला नारळ.

संध्याकाळी लहू आला. सह्यांचा दिवस ठरलाय. त्याने बादली पाहिली, विहीर पाहिली, बहिणीकडे पाहिलं. "बाय, हौसेनं विकत नाय मी. कोणी सोबत असतं तर कागद आणलेच नसते."

होडीपर्यंत कमळ पोचवायला आली. माझ्या हातात खवलेल्या नारळाची पुडी दिली आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "एका नावात राहायला चालतं तुला. एका घरात नाय का चालणार?"

"नाशिकला लिहिलंय मी," मी म्हटलं.

"लिहिलेलं पुसता येतं. माशीच्या नावापुढचं तुजं आडनाव पुसलंसच की आता."

होडी सुटली. उत्तर सुचलं तेव्हा खाडी मध्ये आली होती.

१५ नोव्हेंबर

जयवंतचं पत्र. माझ्यासाठी खोली रंगवतोय. फिकट निळा. चांगला रंग आहे. विहिरीत बारा वाजता दिसतो तसा.

दिवसभर घरात टाळ्या वाजवत फिरले. कोणी उठलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कुणाला काय, ते लिहून ठेवते. उद्या आवराआवरीत गोंधळ नको.

फ्रिज आणि भरतकामाचा पडदा — प्रेमाला. तिने फोन आणि बटाटे दोन्ही सांभाळले.

तक्ते, सांगाडा, रंगीत खडूंची पेटी — शाळेला. दहावी बच्या फळ्यावर मधमाशी परत काढा.

घराची किल्ली, माझ्या सोन्याच्या बांगड्या आणि एक लांब पत्र — जयवंतला. निळी खोली पाहुणी म्हणून बघेन. उन्हाळ्यात, दोघी येऊ.

पेटीतली पहिली मादी, जिच्यावर नाव उभं आहे — शहरातल्या संग्रहालयाला. दुसरी मादी आणि बिनबापाचे सगळे मुलगे — वसुधाला. तिच्या लेखाच्या प्रतीवर "मिसना" लिहायचं नाही, "कमळ आणि रत्नाला" लिहायचं.

कमळकडचे, सह्या न झालेले विक्रीचे कागद — लहूला, चुलीत घालायला. त्यानेच मागितलेत.

मी — कमळला. सकाळच्या पहिल्या होडीने. डब्यात गूळपोळी.